एक नाव, दोन कारभारी

आमच्या वणी गावास पूर्वी एक चमत्कारिक मान लाभला होता. आज ज्यास आपण यवतमाळ जिल्हा म्हणतो, त्याचे सरकारी नाव १९०५ सालापर्यंत वणी जिल्हा असे होते. परंतु जिल्ह्याचे मुख्य ठिकाण मात्र यवतमाळासच. नाव एकाचे, कारभार दुसऱ्याचा! संगणकाच्या जगातही अशीच व्यवस्था चालते. ती ठाऊक नसल्यामुळे आमच्या दोन विद्यार्थ्यांत चांगलाच वाद जुंपला, म्हणून हा लेख.

दोघांनी शेजारशेजारच्या दोन लिनक्स संगणकांवर ‘ऑक’ ह्या साधनास एकच प्रश्न केला: ‘वणी’ ह्या शब्दाची लांबी किती? एका संगणकाने ३ असे उत्तर दिले, दुसऱ्याने ९. आज्ञेत अक्षराचाही फरक नव्हता.

ऑक हे साधन १९७७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत अहो, वाइनबर्गर व कर्निगन ह्या तिघांनी रचिले. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरूनच हे नाव पडले. पुढे त्याच कामाच्या निरनिराळ्या आवृत्त्या इतरांनी लिहिल्या. त्यांपैकी ‘मॉक’ ही चपळ व आटोपशीर, तर ‘गॉक’ ही अधिक सोयींची. गॉक अक्षरचिन्हे मोजतो: व, ण आणि वेलांटी, मिळून ३. (आपण तोंडाने दोनच अक्षरे म्हणतो, परंतु संगणक वेलांटीस निराळे चिन्ह समजतो.) मॉक बाइट मोजतो, आणि यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट जागा घेते, म्हणून ९. तेव्हा खोटे कोणीच बोलले नव्हते.

हा केवळ गमतीचा भेद नव्हे. नावांच्या यादीत प्रत्येक नावाची पहिली १० अक्षरे घ्या, असे ऑकला सांगितले, तर गॉक ‘सरस्वती’ हे नाव जसेच्या तसे देईल. मॉक मात्र १० बाइटांवर कात्री चालवील. मग उरेल ‘सरस’ आणि त्यापुढे मोडक्या चिन्हाचा एक तुकडा. आपल्या कन्येचे नाव असे छापलेले पाहून कोणत्या मातापित्यांस बरे वाटेल?

आता ‘ऑक’ म्हटले असता कोण पुढे येतो, हे ठरते कसे? १९९३ साली आरंभ झालेल्या डेबियन प्रणालीत, आणि तिच्यावर उभारलेल्या उबुंटू व आपल्या सी-डॅकच्या ‘बॉस’ ह्या प्रणालींतही, ‘ऑक’ ह्या नावाखाली प्रत्यक्ष साधन नसतेच. तेथे केवळ एक दुवा असतो. तो ‘ईटीसी’ फोल्डरातील ‘अल्टरनेटिव्ह्ज’ ह्या कप्प्याकडे बोट दाखवितो, आणि तेथील दुसरा दुवा खऱ्या साधनाकडे. असा दुहेरी फेरा कशासाठी? साधनांचा कप्पा प्रणालीच्या मालकीचा, तर ‘ईटीसी’ हा त्या यंत्राच्या व्यवस्थापकाच्या निर्णयांचा. निवड बदलावयाची झाल्यास मधला दुवा तेवढा फिरवावा. बाकी काही हलत नाही.

हे फिरविण्याचे काम ‘अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज’ नावाची आज्ञा करिते. प्रत्येक साधनास अग्रक्रमाचा एक अंक दिलेला असतो; मॉकचा ५, गॉकचा १०. कोणी हाताने निवड केली नसेल, तर मोठ्या अंकाचा मानकरी आपोआप गादीवर बसतो. आमच्या वादाचे मूळ येथेच सापडले. दोन्ही यंत्रांवर प्रथम मॉकच होता; एकावर पुढे कोणीतरी गॉक बसविला, आणि कोणी न सांगता ‘ऑक’ह्या नावाचा अर्थ पालटला! गॉक काढून टाकिला की मॉक पुन्हा गादीवर येतो. साधनाबरोबर त्याचे माहितीपानही बदलते, ही सोय विशेष चांगली.

कोण गादीवर आहे हे पाहण्यास त्या आज्ञेपुढे ‘डिस्प्ले’ व साधनाचे नाव लिहावे. स्वतः निवडण्यास ‘कॉन्फिग’, आणि निवड पुन्हा प्रणालीवर सोपविण्यास ‘ऑटो’. ह्या शब्दांपूर्वी दोन आडव्या रेघा हव्यात, आणि अर्थातच टंकन रोमन लिपीत. पाहणे कोणासही मोकळे आहे. बदल मात्र व्यवस्थापकाच्या अधिकारानेच होतो, व तो त्या यंत्रावरील सर्वांस लागू पडतो. हाताने केलेली निवड नवे साधन आल्यावरही टिकते. काही उत्साही मुले दुवे स्वतःच खोडून नवे जोडू पाहतात. तसे करू नये, कारण मग त्या आज्ञेच्या नोंदी आणि प्रत्यक्ष स्थिती ह्यांचा मेळ राहत नाही.

एवढे कळल्यावर दोघा विद्यार्थ्यांनी दुसऱ्या यंत्रावरही गॉक बसविला, आणि ९ चे ३ झाले. तथापि आम्ही त्यांस आणखी एक गोष्ट करावयास लाविली. नावांच्या यादीची जी आज्ञावली त्यांनी लिहिली होती, तीत ‘ऑक’ खोडून त्यांनी स्पष्ट ‘गॉक’ असे लिहिले. आता ती ज्या यंत्रावर गॉक नाही तेथे चालणारच नाही. पण कोणाचे नाव अर्धवट छापण्यापेक्षा ते आम्हांस पत्करले.