अभियांत्रिकी व व्यवसाय शिक्षण : कॉलेज लहान की विद्यापीठ मोठे?

बारावीचा निकाल लागला की आपल्या विभागातील पालक एक प्रश्न हमखास विचारतात. मुलाला किंवा मुलीला मोठ्या युनिव्हर्सिटीत घालावे की जवळच्या लहान कॉलेजात? प्रश्न रास्त आहे. परंतु मुंबईत तो थोडा वेगळ्या रीतीने विचारला पाहिजे. अमेरिकेत अनेक लहान कॉलेजे स्वतःची पदवी स्वतः देतात. आपल्याकडे १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाशी शेकडो महाविद्यालये संलग्न आहेत. कॉलेज चार खोल्यांचे असो की चार मजल्यांचे, पदवीच्या कागदावर नाव विद्यापीठाचेच येते. तेव्हा विचारायचे ते हे की अभ्यासक्रम कोण ठरवतो, शिकवतो कोण आणि प्रयोगशाळेत आपल्या मुलाच्या हाताला यंत्र किती वेळ लागते.

या बाबतीत परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विद्यार्थिजीवन पाहण्यासारखे आहे, कारण त्यांनी दोन्ही प्रकारच्या संस्था अनुभवल्या. मुंबईत ते एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकले. तेथे प्रा. म्युलर यांनी त्यांना वाचायला पुस्तके दिली. प्राध्यापकाने विद्यार्थ्याला चेहऱ्याने ओळखावे, हा लहान कॉलेजचा मोठा फायदा आहे. पुढे १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी काय केले? मुख्य विषय अर्थशास्त्र, त्याचे २९ अभ्यासक्रम त्यांनी घेतले. पण त्याशिवाय इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ घेतले, शिवाय फ्रेंच आणि जर्मन भाषाही. मोठे विद्यापीठ उपयोगी पडते ते असे. शेजारच्या विभागाचे दार उघडून आत जाणाऱ्यालाच त्या मोठेपणाचा लाभ होतो. त्यानंतरचे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स ही १८९५ साली सुरू झालेली, मोजक्याच विषयांना वाहिलेली आणि लंडन विद्यापीठाचा भाग असलेली संस्था होती. तेथून १९२३ साली त्यांनी डी.एस्सी. मिळवली. मधल्या काळात, १९१८ ते १९२०, ते सिडनहॅम या वाणिज्य महाविद्यालयात प्राध्यापक होते. (एल्फिन्स्टन आणि सिडनहॅम ही दोन्ही महाविद्यालये २०१९ पासून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात गेली आहेत, हे अर्ज भरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.)

आता अभियांत्रिकीकडे येऊ. शिवाजी पार्कहून बसने थोड्या वेळात माटुंग्याला पोचता येते. तेथील व्हीजेटीआय १८८७ सालची. १९९७ मध्ये तिला वीरमाता जिजाबाईंचे नाव मिळाले आणि २००४ पासून ती स्वायत्त आहे. स्वायत्त म्हणजे अभ्यासक्रम व परीक्षा संस्थेच्या हाती, पदवी मात्र विद्यापीठाची. जवळच असलेली रसायन तंत्रज्ञान संस्था, जुन्या लोकांची यूडीसीटी, १९३३ साली विद्यापीठाचा एक विभाग म्हणून सुरू झाली आणि २००८ साली स्वतःच अभिमत विद्यापीठ झाली. चर्चगेटची जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था हाही १९६५ साली सुरू झालेला विद्यापीठाचाच विभाग. या तिन्ही संस्था आकाराने अवाढव्य नाहीत, तरी त्यांचे नाव देशभर आहे. आकारावरून दर्जा ठरवणे किती फसवे आहे ते यावरून कळावे.

१९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि गावोगावी कॉलेजे निघाली. त्यांत काही उत्तम आहेत, काही केवळ इमारती आहेत. माझे मत स्पष्ट आहे : माहितीपुस्तकातील छायाचित्रे पाहून प्रवेश घेऊ नये. कामकाजाच्या दिवशी प्रत्यक्ष जावे. एकच शिक्षक तीन-तीन विषय शिकवतो का, ते शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारावे. पहिल्या वर्षी गणितात किती जणांना केटी लागते, तेही विचारावे. ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते, हा प्रश्न तर आपल्या मुलांसाठी सर्वांत महत्त्वाचा. घरी एका खोलीत पाचजण राहत असतील तर ग्रंथालयातले टेबल हीच त्याची अभ्यासाची खोली. दोन तास लोकलमध्ये उभे राहून दूरच्या कॉलेजला जाणाऱ्या मुलाचे ते टेबल प्रवासातच हरवते. वसतिगृहाची तयारी असेल तर रायगड जिल्ह्यातील लोणेरे येथे १९८९ साली स्थापन झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाचाही विचार करावा.

व्यवसाय शिक्षणाचे गणित निराळे आहे. तेथे पदवीसाठी भरमसाट पैसा ओतण्याची गरज मला दिसत नाही. जवळच्या चांगल्या वाणिज्य महाविद्यालयातून, उदाहरणार्थ १९४१ पासून चालत आलेल्या माटुंग्याच्या पोदारमधून, पदवी घ्यावी, जमल्यास एक-दोन वर्षे नोकरी करावी आणि मग सीईटी देऊन व्यवस्थापनाकडे वळावे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले होते. १९५३ साली वाणिज्य व अर्थशास्त्राचे सिद्धार्थही निघाले. कमावत शिकण्याचा मार्ग आपल्याला नवा नाही. व्यवस्थापनात आणखी एक भेद ओळखावा : एमबीए किंवा एमएमएस ही विद्यापीठाची पदवी, तर पीजीडीएम ही पदविका असते. पदविका हलकी असते असे नव्हे, पण ती देणाऱ्या संस्थेला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आहे की नाही हे आधी पाहावे.

शेवटी पैशाची गोष्ट. शासनाची शिष्यवृत्ती आणि शुल्कमाफी मिळवायची असेल तर प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून घेतलेला असावा. व्यवस्थापन कोट्यातील जागेला हा लाभ नाही. अभिमत व खासगी विद्यापीठांचे प्रवेशाचे आणि शुल्काचे नियम वेगळे असतात. तेथे शिष्यवृत्ती लागू आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. १९९० च्या कायद्याने बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळाल्या. परंतु आयआयटीसारख्या केंद्रीय संस्थांसाठी दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, तो वेगळा काढावा. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज तर मूल बारावीत असतानाच कॉलेजमार्फत करावा. समितीपुढे आजोबांच्या शाळेचा जुना दाखला लागला की तो मिळवायला गावी जावे लागते, आणि कॅपच्या फेऱ्या कोणासाठी थांबत नाहीत.