ग्रुपचा ॲडमिन असताना

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा मी ६ वर्षं ॲडमिन होतो. मानधन शून्य, बोलणी रोज. त्यातून हाती लागलं ते असं :

१. निनावीपणा हवा तो आपल्याला. कमिटी डूख धरते, अशी ओरड झाली म्हणून निनावी तक्रारींसाठी गूगल फॉर्म काढला. ज्यांनी तो मागितला, पहिली तक्रार त्यांच्याच पार्किंगबद्दल आली. रात्री पावणेअकराला फोन : "कोण आहे तो? समोर येऊन बोल म्हणावं!" मी लोकहितवादींचा दाखला दिला. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये शतपत्रं लिहिली ती टोपणनावानंच. "ते समाजाबद्दल होतं," साहेब म्हणाले, "हे माझ्या गाडीबद्दल आहे."

२. सभासदांची फोनयादी करायची ठरली, तेव्हा निम्म्या घरांनी नंबर दिला नाही. खासगीपणा मूलभूत हक्क आहे, २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायमूर्तींनी सांगितलंय, असं एकानं सुनावलं. बरोबरच होतं. त्याच आठवड्यात चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी त्यांच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींचं आधार कार्ड ग्रुपवर टाकलं : "कामाला चांगल्या आहेत, कुणाला हव्या असतील तर." पत्ता, जन्मतारीख, सगळं उघडं. खाली अंगठ्यांची रांग. कुणाला खटकलं नाही. मलाही नाही, खोटं कशाला बोलू? दोन दिवसांनी मावशींनीच जिन्यात गाठलं : "दादा, माझं कार्ड वॉचमनच्या मोबाइलात कसं गेलं?" मेसेज काढून टाकायला सांगितला, पण तोवर तो किती फोनांत जाऊन बसला होता, कुणास ठाऊक.

३. कायदा ज्याला त्याला आपल्यापुरता पाठ असतो. "२०१५ लाच आयटी कायद्यातलं ६६अ कलम रद्द झालंय, मला अडवणारे तुम्ही कोण?" म्हणणाऱ्याची कुणी टिंगल केली, की तोच सायबर सेलला निघतो. सदस्यानं काही टाकलं तर केवळ ॲडमिन म्हणून दोषी धरता येत नाही, हा नागपूर खंडपीठाचा २०२१ चा निकाल मी छापून कपाटात ठेवला होता.

४. मग माझ्यावरच निनावी तक्रार आली : ॲडमिन ओळखीच्यांचे मेसेज ठेवतो, बाकीच्यांचे काढतो. 'कारवाई'ला 'कारवाही' लिहिलं होतं. रात्री एकपर्यंत जुने मेसेज चाळले. सापडले! दुसऱ्या मजल्यावरचे काका. दोन महिने मी त्यांच्याशी धड बोललो नाही.

आता काका ॲडमिन आहेत. फॉर्म अजून चालू आहे. परवा मीही त्यावर एक तक्रार टाकली, मुद्दाम 'कारवाही' लिहून.