एररची ओळ लिहिताना

अगं, कवठ्यात घरी बसून तू डेबियनच्या पॅकेजिंगच्या टूलवर काम करतेस, याचं मला फार अप्रूप वाटतं. पॅच वाचला. कोड नेटका आहे. बोलायचंय ते एररच्या ओळीविषयी. ‘इनव्हॅलिड स्टेट’, म्हणजे ‘अवैध स्थिती’, एवढंच लिहिलंयस. ते वाचून समोरच्यानं करायचं काय?

मलठणात कुणी कवठ्याच्या येमाईच्या देवळाची वाट विचारली, तर आपण ‘चुकलात’ म्हणून गप्प बसतो का? हे मलठण, कवठं पुढं, असं जा, एवढं तरी सांगतोच. गिट-बिल्डपॅकेज तेच करतं बघ. भलत्या ब्रँचवरून पॅकेज बांधायला घेतलं, की कोणती ब्रँच हवी होती आणि तू कोणत्या ब्रँचवर आहेस, ही दोन्ही नावं ते सांगतं. खाली वाटही दाखवतं: तपासणी वगळायची तर गिट-इग्नोर-ब्रँच, ब्रँचच वेगळी ठरवायची तर गिट-डेबियन-ब्रँच. डीपीकेजी-सोर्सला मूळ सोर्समध्ये अनपेक्षित बदल सापडले, तर फरकाची फाईल कुठं ठेवलीय तेही ते लिहितं. मला हे फार आवडतं.

खटकतं ते दुसरीकडे. कमिट न केलेले बदल राहिले असले, की गिट-बिल्डपॅकेज ते दाखवतं, पण उपाय एकच सुचवतं: गिट-इग्नोर-न्यू. घाईतली नवखी मुलगी तोच उचलून कमांडला जोडते. पॅकेज तयार होतं, पण त्यात गेलेला बदल गिटच्या इतिहासात कुठंच नसतो. उद्या त्याच रिपॉझिटरीतून दुसऱ्या कुणी बांधलं, तर वेगळंच काहीतरी निघेल, आणि शोधत बसायचं त्यानं. म्हणून तुझ्या टूललाही असे बदल सापडले, तर आधी ‘कमिट करा किंवा स्टॅशमध्ये ठेवा’ असं लिही, तपासणी वगळायचा पर्याय त्याच्या खाली. लोक पहिला उपाय आधी करून बघतात गं.

आणखी एक. एररच्या ओळीतलं इंग्रजी साधं ठेव. डेबियनची वार्षिक परिषद 2023 मध्ये आपल्याकडेच, कोचीला झाली. डेबियनचं काम करणाऱ्या कितीतरी जणांची मातृभाषा इंग्रजी नाही, तुझी-माझीही नाही. आणि फाईलचा पत्ता मूळ वाक्यात न गुंफता शेवटी टाक. अडलेला माणूस ती ओळ जशीच्या तशी शोधतो, आणि पत्ता प्रत्येकाचा वेगळा असतो.

आता ती ओळ पुन्हा लिही, आणि पॅच पाठवण्याआधी गिट नुकतंच शिकलेल्या एखाद्या मैत्रिणीला वाचायला दे. तिला पुढं काय करायचं ते कळलं, तरच पाठव.