मध साठवणारी माशी आणि बाबांचा समुद्र



आज एकनाथी भागवताचा आठवा अध्याय. काल सातव्यात आपण यदुराजा आणि अवधूत यांच्या भेटीपाशी थांबलो होतो. ज्यांचं काल वाचायचं राहिलं त्यांच्यासाठी दोन ओळीत सांगतो. यदु राजा आहे, त्याच्याकडे सगळं आहे. त्याला रानात एक तरुण फिरताना दिसतो. घर नाही, पैसा नाही, अंगावर धड वस्त्र नाही, आणि चेहऱ्यावर असा आनंद की राजालाच हेवा वाटावा. राजा विचारतो, बाबा रे, तुझ्याकडे काहीच नाही, मग तू इतका सुखी कसा? त्यावर अवधूत आपल्या चोवीस गुरूंची यादी सांगतो. पृथ्वी, वारा, कबुतर, अजगर, समुद्र, मधमाशी वगैरे.

मला या गोष्टीत पहिल्यापासून एक गंमत वाटते. राजा घरी बसलाय आणि सुखी माणूस जगभर भटकतोय. त्यामुळे 'फिरायची हौस म्हणजे माया, मन एका जागी ठेवा' असं कोणी कीर्तनात सांगितलं की मला ते तितकंसं पटत नाही. आपले नामदेवराय पंजाबात घुमानपर्यंत गेले, त्यांची ६१ पदं गुरुग्रंथसाहिबात आहेत. दुसरीकडे सावता महाराज अरणचा मळा सोडून पंढरपूरलाही गेले नाहीत, असं परंपरा सांगते. दोघेही आपल्याला सारखेच पूज्य. खुद्द नाथांचं हे भागवत पैठणला सुरू झालं आणि शके १४९५ मध्ये, म्हणजे इ.स. १५७३ ला, काशीत पूर्ण झालं. पहिले पाच अध्याय पैठणचे असं मानतात. म्हणजे आजचा आठवा अध्याय नाथांनी घरापासून पार लांब बसून लिहिलाय. तेव्हा फिरावं की फिरू नये, हा प्रश्नच आज आपण बाजूला ठेवू. माझा प्रश्न वेगळा आहे.

माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट आहे, 'जग' नावाची. त्यात ३७ देश आहेत. व्हिसा, अंदाजे खर्च, कुठला महिना चांगला, किती दिवस लागतील, सगळे कॉलम व्यवस्थित भरलेले. नॉर्वेच्या ओळीत आकाशातला तो हिरवा प्रकाश, जपानच्या ओळीत चेरीचा बहर. ही शीट नऊ वर्षं जुनी आहे. जाऊन आलो की ओळ हिरवी करायची असं ठरवलं होतं. ३७ पैकी हिरवी ओळ एक, नेपाळ. तिथे जायला आपल्याला पासपोर्टही लागत नाही!

आणि याच नऊ वर्षांत रात्री जेवण झाल्यावर अंथरुणात पडून दुसऱ्यांचे प्रवास मी किती तास पाहिले असतील, त्याचा हिशोब कुठल्याच शीटमध्ये नाही. तुम्हीही पाहत असणार. कोणीतरी बालीत नाश्ता करतंय, कोणी स्वित्झर्लंडच्या ट्रेनमध्ये खिडकीपाशी बसलंय. एक रील, अजून एक रील. बारा वाजतात, एक वाजतो. आनंद म्हणावा तर नाही, आणि फोन ठेवावा तर तेही होत नाही.

आठव्या अध्यायात पिंगलेची गोष्ट आहे ना, ती वाचताना मला माझीच रात्र दिसली. विदेह नगरीतली ही गणिका सजून दारात उभी आहे. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाकडे पाहते, हा येईल, हा नाही तर पुढचा येईल. आत जाते, पुन्हा बाहेर येते. अशी अर्धी रात्र जाते. मग तिला एकदम उबग येतो, ती वाट पाहणं सोडून देते आणि शांत झोपते. अवधूत तिलाही गुरू मानतो. तिच्या धंद्याबद्दल एक वाकडा शब्द न बोलता, तिची झोप पाहून शिकतो. ही नजर मला फार मोठी वाटते. आत-बाहेर, आत-बाहेर करणारा तिचा पाय आणि स्क्रीनवर वर-वर सरकणारा माझा अंगठा यांत काय फरक आहे, तुम्हीच सांगा.

पण आज खरं तर मधमाशीबद्दल बोलायचंय. आणि ती गोष्ट बाबांपाशी जाते.

बाबा रेल्वेत होते, पार्सल ऑफिसात. गोंदिया जंक्शन हावडा-मुंबई मुख्य मार्गावर आहे, त्यामुळे अर्धा देश रोज त्यांच्या डोळ्यांसमोरून जायचा. रेल्वेवाल्यांना वर्षाला प्रवासाच्या पासचे ठराविक सेट मिळतात. वापरले नाहीत की ते संपतात. आमच्या घरी ते जवळजवळ दरवर्षी संपायचे. कधी आजीचं दुखणं, कधी माझी दहावी, कधी बहिणीचं लग्न, कधी नुसतीच 'यंदा राहू दे'. बाबांना समुद्र पाहायचा होता. रामेश्वरला जायचं म्हणायचे, कधी पुरी म्हणायचे. 'रिटायर झालो की निवांत जाऊ' हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलंय की ते आमच्या घरच्या आरतीसारखं झालं होतं.

बाबा रिटायर झाले. तेव्हा मी पुण्यात होतो. सुट्टीला महाराष्ट्र एक्सप्रेसने यायचो. कोल्हापूरहून निघून पुण्यावरून गोंदियापर्यंत तेराशे किलोमीटरहून जास्त धावणारी, आणि एवढं अंतर एकाच राज्यात कापणारी ही गाडी. तिच्या वरच्या बर्थवर पडून मीच बाबांना फोनवर सांगायचो, हे रिलीज झालं की समुद्राला जाऊ. मग दुसरं रिलीज आलं. मग टीम बदलली. आता मी गोंदियातूनच काम करतो, म्हणजे तेही कारण उरलं नाही. पण मधल्या काळात बाबांच्या डोळ्यांना शुगरने गाठलं. उजव्या डोळ्याने जवळजवळ काही दिसत नाही, डाव्याने माणसाचा आकार कळतो, चेहरा कळत नाही.

आता मधमाशी. अवधूताने तिच्याकडून दोन गोष्टी घेतल्या आहेत. भुंगा फुलाफुलावर जातो, थोडं थोडं घेतो, फुलाला दुखवत नाही. साधकाने असं असावं, म्हणजे जिथे आहे तिथून थोडं घ्यावं आणि पुढे जावं. दुसरी माशी मात्र पोळ्यात मध साठवते. स्वतः खात नाही, कोणाला देत नाही. मग मध काढणारा येतो आणि साठा घेऊन जातो. अवधूत त्या मध काढणाऱ्यालाही वेगळा गुरू मानतो, कारण साठवलेल्याचं शेवटी काय होतं ते तो दाखवतो.

आपण हे पैशाबद्दल वाचतो आणि पुढे जातो. पण मला वाटतं आपल्या पिढीचा साठा पैशापेक्षा वेगळा आहे. आपण सुख साठवतो. 'सेव्ह' केलेल्या रील्स, विशलिस्टमधली हॉटेलं, पुढच्या वर्षात ढकललेल्या रजा. गेल्या मार्चअखेर माझ्या अकरा रजा लॅप्स झाल्या. मी त्यावर ऑफिसच्या ग्रुपवर विनोद केला होता. नंतर लक्षात आलं की बाबांच्या पासचं आणि माझ्या रजेचं झालं ते एकच.

इथपर्यंत मांडणी सोपी होती आणि मी हे चिंतन इथेच संपवणार होतो. शीर्षकही ठरलं होतं, 'बाबांसारखं करू नका'. पण याच अध्यायात समुद्रही आहे, आणि त्याने घोळ केला.

अवधूत सांगतो, पावसाळ्यात नद्या भरभरून येतात म्हणून समुद्र उतू जात नाही, उन्हाळ्यात आटतात म्हणून तो कोरडा पडत नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या ७० व्या श्लोकातही भगवंत हाच दृष्टांत देतात. तिथे इच्छा म्हणजे नद्या. त्या येतात, आत शिरतात, आणि समुद्र जागचा हलत नाही.

मला प्रश्न पडला, बाबा नेमके कोण? साठवणारी माशी की समुद्र? कारण मी त्यांना कधी कुढताना पाहिलेलं नाही. ड्यूटीवरून आले की अंगणात खाट, ट्रान्झिस्टर, आईशी दोन गोष्टी. रविवारी शेजारच्या काकांबरोबर बुद्धिबळ. भाताचा हंगाम आला की नव्या तांदळाच्या वासावरही ते दहा मिनिटं बोलायचे. समुद्र पाहायचा होता, पण समुद्र दिसला नाही म्हणून त्यांची एकही संध्याकाळ वाया गेली नाही. माझ्या मात्र नॉर्वेने कितीतरी संध्याकाळी खाल्ल्या आहेत. बाहेरून दोघांचं वाक्य एकच होतं, 'नंतर जाऊ'. आतून ते एक नव्हतं. त्यांच्या 'नंतर'मध्ये आजचा दिवस शाबूत होता, माझ्यात तो आधीच खर्ची पडलेला असायचा.

म्हणजे बाबा समुद्र आणि मी माशी. हेही लिहून टाकलं असतं. पण मग मला यातली पळवाट दिसली, आणि ती मी बरीच वर्षं वापरत होतो हेही दिसलं. 'बाबांना कशाची हाव नाही, ते समाधानी आहेत' असं म्हणून मी माझं वचन पुढे ढकलत आलो. समाधानाचा श्लोक मी स्वतःला कधी लावला नाही, त्यांना मात्र सोयीने लावला. त्यांचं समाधान ही त्यांची कमाई आहे. त्याने माझी सुटका कशी होईल? शास्त्र वाचताना ही चूक आपल्याकडून सारखी होते, निदान माझ्याकडून तरी. वैराग्याचे उपदेश दुसऱ्याच्या इच्छांवर, आणि 'भगवंताने जग पाहायलाच बनवलंय' हे स्वतःच्या इच्छांवर.

गेल्या डिसेंबरात एका शनिवारी मी बाबांना नवेगावबांधला नेलं. गोंदियाहून साठ-पासष्ट किलोमीटर. लाज वाटते सांगायला, पण आम्ही दोघं मिळून तिथे पहिल्यांदाच जात होतो. कोहमाऱ्याला चहा घेतला. हा तलाव कोहळी समाजातल्या कोलू पाटलांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असं सांगतात. मारुती चितमपल्लींनी वनखात्यात असताना इथे जी वर्षं काढली, त्यांवर 'नवेगावबांधचे दिवस' हे अख्खं पुस्तक आहे. एक माणूस एका तलावाकाठी राहतो आणि त्याला लिहायला पुरून उरतं. माझ्या शीटमध्ये नवेगावबांध नव्हतं. तिथे 'देश' असाच कॉलम होता.

थंडीत आपल्या जिल्ह्यातल्या तलावांवर लांबून पक्षी येतात. पट्टकादंब तर हिमालय ओलांडून येणारा. आणि आपला सारस, जो महाराष्ट्रात आता जवळपास गोंदियाच्याच धानाच्या बांध्यांत टिकून आहे, तो कुठेच जात नाही. जोडीने इथेच राहतो. मी बाबांना हे सगळं सांगत होतो. ते बांधावर बसले होते, काठी आडवी मांडीवर. समोर पाण्यावर अडई बदकांचा थवा शिट्ट्या घालत उठला, एक वळसा घेऊन पुन्हा बसला.

मी म्हणालो, "बाबा, दिसतंय का काही?"

"दिसत नाही रे," ते म्हणाले, "पण आयकू येते ना. लय आहेत वाटते."

मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. वारा होता, पाणी काठाच्या दगडांवर आपटत होतं. त्यांनी मान थोडी तिरकी केली, पार्सल ऑफिसात गाडीचा आवाज ओळखायला करायचे तशी, आणि विचारलं, "काहून रे, समुद्राचा आवाज असाच येते का?"

मला उत्तर माहीत होतं. कोकणात ऑफिसच्या सहलींना मी चार वेळा गेलोय. मी म्हणालो, "नाही बाबा, त्याचा खूप मोठा असतो."

त्याच रात्री पुरीची तिकिटं काढली. तीन जणांची. बाबांनी पहिलं काय विचारलं असेल? "पास चालत नाही का त्याले?" म्हटलं, चालतो, पण पासचा फॉर्म, शिक्का, सही, त्यात पुन्हा 'नंतर' येईल. या खेपेला पैसे भरून जाऊ. आई म्हणाली, वाळू फार असते का, चपला कुठल्या घेऊ.

शीट अजून आहे, डिलीट केलेली नाही. नॉर्वेला जायचंच आहे मला. फक्त वर एक नवी ओळ टाकली आहे, आणि तिच्यात महिना, खर्च, किती दिवस वगैरे रकाने रिकामे ठेवलेत. तारीख तेवढी भरली आहे.

उद्या नववा अध्याय. त्यात एकटीच घरात धान कांडत बसलेली ती मुलगी आहे, जिच्या हातातल्या बांगड्या वाजतात. धानाच्या जिल्ह्यातल्या माणसाने ती गोष्ट सोडून पुढे जाणं शक्य नाही, त्यामुळे उद्याचं जरा लांबेल. वाचून या.

राम कृष्ण हरी.