कोंबड्यांचे श्वासरोग व प्रतिजैविकांची क्रिया

फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें शेडांतील कोंबड्या भराभर मरूं लागल्या, तेव्हां ही राणीखेत होय अशी आरंभीं समजूत होती. तसें वाटणें अस्वाभाविक नव्हतें. राणीखेत हा आपल्या पूर्ण परिचयाचा रोग. खेड्यापाड्यांतून त्यास मानमोडी म्हणतात. त्यांत घरघर लागते, पक्षी चोंच उघडी टाकून श्वास घेतो, हिरवट हगवण होते, मान मुरडते आणि थोड्याच दिवसांत शेड ओस पडते. परंतु भोपाळ येथील प्रयोगशाळेनें नमुने तपासल्यावर १८ फेब्रुवारी रोजीं असें जाहीर झालें कीं, हा रोग राणीखेत नसून बर्ड फ्लू, म्हणजे पक्ष्यांचा इन्फ्लुएन्झा होय. भारतांतील पाळीव कोंबड्यांत ह्या रोगाची ही पहिलीच नोंद. रोगाच्या जागेभोंवतालच्या तीन किलोमीटरच्या टापूंतील कोंबड्या मारून पुरण्यांत आल्या. सीमेपलीकडे गुजरातेंत उच्छल येथेंही तेंच करावें लागलें. पुढें फेब्रुवारी २०२१ मध्यें नवापुरावर तोच प्रसंग पुन्हा आला.

राणीखेत काय किंवा बर्ड फ्लू काय, दोहोंवरही कोंबडीला देतां येईल असें औषध नाहीं. असें असतां शेडमध्यें पहिली घरघर ऐकूं आली कीं पाण्यांत औषधाची एक पुडी टाकावयाची, आणि दोन दिवसांत गुण न आल्यास दुसरी आणून टाकावयाची, ही वहिवाट आमच्यांतील पुष्कळांची आहे. गुण आला तर पुडीचें नांव होतें. न आला तर नशिबास बोल लावण्यांत येतो. वस्तुतः यांत नशिबाचा संबंध फार थोडा. औषध जंतूच्या कोणत्या भागावर घाव घालतें हें एकदां कळलें, म्हणजे तें कोठें चालेल व कोठें मुळींच चालणार नाहीं याचा अंदाज ज्याचा त्यास करतां येतो. तेवढें सांगण्याचाच येथें आमचा हेतु आहे.

प्रथम कोंबडीच्या श्वासाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण तिची रचना गाईबैलांसारखी नाहीं. तिचीं फुप्फुसें लहान, पाठीच्या बरगड्यांस चिकटलेलीं व जवळजवळ न फुगणारीं असतात. वारा आंतबाहेर खेळविण्याचें काम नऊ पातळ पिशव्या करतात. ह्या वायुपिशव्या छातींत व पोटांत पसरलेल्या असून त्यांचे फांटे कांहीं हाडांच्या पोकळींतही गेलेले असतात. त्यांस रक्ताचा पुरवठा अगदीं थोडा. पोटांत गेलेलें औषध रक्तावाटेंच रोगाच्या जागीं पोंचावयाचें असल्यामुळें, पिशवींत एकदां खरवसासारखा घट्ट पिवळा पदार्थ जमला, म्हणजे उत्तम औषधही तेथें पुरेसें शिरत नाहीं. ज्या औषधानें तिसऱ्या दिवशीं गुण आला असता, त्यानेंच दहाव्या दिवशीं येत नाहीं, याचें एक मोठें कारण हें आहे.

आतां औषधांकडे वळूं. जंतूस मारावें परंतु कोंबडीस इजा होऊं नये, हें साधावयाचें तर जंतूंत असलेल्या पण कोंबडींत नसलेल्या एखाद्या गोष्टीवरच नेम धरला पाहिजे. १९२८ सालीं लंडन येथें अलेक्झांडर फ्लेमिंग यांस बुरशीपासून सांपडलेलें, व १९५५ पासून आपल्या पुण्याजवळील पिंपरीच्या सरकारी कारखान्यांतही होऊं लागलेलें पेनिसिलिन हें याचें उत्तम उदाहरण होय. बहुतेक जंतूंच्या शरीराभोंवतीं एक टणक भिंत असते. प्राण्यांच्या पेशींस ती नसते. जंतु वाढत असतां ह्या भिंतीचे धागे एकमेकांस सांधले जातात. पेनिसिलिन नेमकें हें सांधण्याचें काम बंद पाडतें. भिंत कच्ची राहते, बाहेरचें पाणी आंत शिरतें आणि जंतु फुटून मरतो. टेट्रासायक्लिन वर्गांतील औषधें व टायलोसिन यांचा मार्ग निराळा. प्रथिनें घडविणारे जे सूक्ष्म कण जंतूच्या पोटांत असतात, त्यांस तीं चिकटून बसतात. जंतु लगेच मरतो असें नाहीं, पण त्याची वाढ खुंटते आणि उरलेलें काम पक्ष्याचें रक्त करतें. सल्फा औषधांची रीत आणखीच मौजेची आहे. जंतूस फॉलिक आम्ल स्वतः तयार करावें लागतें, कोंबडीस तें खाद्यांतून मिळतें. सल्फा औषध त्या आम्लाच्या कच्च्या मालासारखें दिसतें. जंतु फसून तेंच उचलतो आणि त्याचें उत्पादन थांबतें. एन्रोफ्लॉक्सासिन हें जंतूच्या बीजसूत्राचा पीळ उलगडणाऱ्या द्रव्यावर आघात करतें.

कोंबड्यांचा जो रेंगाळणारा श्वासरोग, ज्यास डॉक्टर लोक सी. आर. डी. म्हणतात, त्याचा विचार ह्या दृष्टीनें केला पाहिजे. हा रोग मायकोप्लाझ्मा नांवाच्या जंतूपासून होतो. रात्रीं शेडमध्यें दिवा न लावतां उभें राहिलें तर घरघर स्पष्ट ऐकूं येते. डोळ्यांत फेस दिसतो, खाद्य कमी जातें, अंडीं घटतात. मर मात्र थोडी. ह्या जंतूची विशेष गोष्ट अशी कीं, त्यास भिंतच नसते. मोट फाडून टाकली तर विहिरीचें पाणी मळ्यांत जाणें थांबेल. परंतु जेथें पाणी मुळीं पाटानें येतें तेथें मोट फाडून काय होणार? पेनिसिलिन कितीही भारी आणा, मायकोप्लाझ्मास त्याचें भय नाहीं. येथें टायलोसिन, टियामुलिन, डॉक्सिसायक्लिन अशीं औषधें चालतात, कारण प्रथिनें तर ह्या जंतूसही घडवावीं लागतात. तथापि रोग दबतो, कळपांतून निघून जात नाहीं; शिवाय तो कोंबडीकडून अंड्यांत व अंड्यांतून पिल्लांत उतरतो. म्हणून पिल्लें कोठून आणावयाचीं हा प्रश्न औषधापेक्षां मोठा आहे. आणखी एक गोष्ट. थंडींत गोणपाटाचे पडदे घट्ट सोडून ठेविले कीं ओल्या लिटरमधून अमोनिया उठतो व शेडमध्यें शिरणाऱ्याचे डोळे चुरचुरतात. श्वासनलिकेंतील ज्या बारीक लवांनीं धूळ व जंतु बाहेर लोटले जातात, त्या ह्या वायूनें निकामी होतात. तो दर्प तसाच ठेवून औषध देणें म्हणजे कुंपण मोडकें ठेवून गुरें हांकीत बसणें होय.

विषाणूंचा प्रकार याहूनही वेगळा. राणीखेत व बर्ड फ्लू यांचे विषाणु स्वतः खात नाहींत, वाढत नाहींत, प्रथिनेंही घडवीत नाहींत. त्यांस भिंत नाहीं, कारखाना नाहीं, कांहींच नाहीं. ते कोंबडीच्या पेशींत शिरतात आणि तिच्याच सामग्रीवर आपल्या प्रती काढवून घेतात. प्रतिजैविकानें ज्यावर घाव घालावा असें विषाणूंत कांहींच नसतें. राणीखेतीस लस हाच उपाय. ती वेळच्या वेळीं टोंचलेल्या कळपांस रोगाची बाधा सहसा फारशी होत नाहीं.

मग विषाणूच्या रोगांत प्रतिजैविकानें कधीं कधीं गुण आल्यासारखें कां दिसतें? त्याचें उत्तर माणसांच्या एका जुन्या साथींत सांपडतें. १९१८ सालीं इन्फ्लुएन्झाची साथ आली, तिलाही लोक मानमोडीच म्हणत. त्या साथींतील मृतांच्या फुप्फुसांची पुढें तपासणी झाली, तेव्हां पुष्कळांत विषाणूनें मोकळ्या केलेल्या वाटेनें मागाहून शिरलेले जंतु आढळले. कोंबड्यांतही सौम्य विषाणूच्या मागून ई. कोलाय नांवाचा जंतु वायुपिशव्यांत शिरतो. त्या मागच्या चोरावर प्रतिजैविक चालतें, पुढच्यावर नाहीं. जहाल बर्ड फ्लूंत तर मागच्याची पाळी येण्यापूर्वींच पक्षी मरतो.

विषाणूवर औषधें अजिबात नाहींत असें मात्र नव्हे. पेशींत तयार झालेले इन्फ्लुएन्झाचे नवे विषाणु तिच्या पृष्ठभागास चिकटून असतात. त्यांच्याजवळील एक द्रव्य तें बंधन कापतें, तेव्हां ते पुढच्या पेशीकडे जातात. ओसेल्टामिविर त्या कापणाऱ्या द्रव्यासच बोथट करतें. २००६ सालीं नवापुरांत कोंबड्या मारण्याच्या कामावरील लोकांस हेंच औषध देण्यांत आलें होतें. परंतु तें माणसांकरितां राखून ठेवलेलें आहे. चीनमध्यें कोंबड्यांस अमँटाडिन नांवाचें विषाणुरोधक दिल्याच्या बातम्या २००५ सालीं प्रसिद्ध झाल्या. बर्ड फ्लूच्या पुष्कळ विषाणूंवर तें औषध आतां चालत नाहीं.

पिल्लांत बुरसट भुशामुळें होणारा फुप्फुसदाह बुरशीचा असतो. तेथेंही प्रतिजैविक व्यर्थ, भुसा बदलावा.

योग्य औषध मिळालें तरी तें पाण्यांतून देतांना बिघडतें, इकडे आमच्या बंधूंचें लक्ष कमी असतें. टेट्रासायक्लिन चुन्याशीं बांधलें जातें व मग आंतड्यांतून रक्तांत शिरत नाहीं. बोअरचें जड पाणी आणि अंड्यावरील कोंबड्यांच्या खाद्यांतील शिंपल्यांचा चुरा, हे दोन्ही त्यास मारक आहेत. शिवाय वैशाखांत कोंबडी थंडीच्या मानानें कितीतरी अधिक पाणी पिते, आणि आजारी कोंबडी फारच थोडें. एकाच मापानें पुडी टाकली तर एकीस जास्त व जिला खरी गरज आहे तिला कमी औषध जातें. माप पक्ष्यांच्या वजनावरून ठरवावें, आणि तें डॉक्टरांकडून ठरवून घ्यावें.

कमी औषधाचा दोष केवळ रोग न हटण्याचा नाहीं. अनुकूल स्थितींत ई. कोलायची एक पिढी सुमारें वीस मिनिटांत होते. लक्षावधींत एखादा जंतु उपजतच औषधास दाद न देणारा असतो. अर्ध्या मापानें बाकीचे मरतात आणि त्यास रान मोकळें मिळतें. इतकेंच नव्हे, तर हा गुण तो शेजारच्या वेगळ्या जातीच्या जंतूसही देऊं शकतो. कोलिस्टिन हें माणसांच्या अत्यवस्थ दुखण्यांतील अगदीं शेवटचें औषध. त्यास न जुमानण्याचा असा हस्तांतर होणारा गुण जनावरांतील जंतूंत आढळल्याचें २०१५ सालीं चीनमधून प्रसिद्ध झालें, आणि जुलै २०१९ मध्यें भारत सरकारनें कोंबड्या व इतर खाद्योपयोगी प्राण्यांकरितां कोलिस्टिन बनविण्यास व विकण्यास बंदी केली. औषध चालू असतां, व पुडीवर लिहिलेली मुदत संपेपर्यंत, अंडीं व पक्षी विकूं नयेत हेंही येथेंच सांगितलें पाहिजे. त्यांतील अंश खाणाऱ्याच्या पोटांत जातो.

तेव्हां पहिली घरघर ऐकल्यावर पुडीकडे हात जाण्यापूर्वीं किती पक्षी किती दिवसांत मेले हें मोजावें. रोग हळूहळू पसरत असेल, मर थोडी असेल, डोळ्यांत फेस असेल, तर डॉक्टरांस दाखवून औषध देण्यास अवसर आहे. तोंड सुजलें असून नाकांतून दुर्गंधि येत असेल तर तो कोरायझा असण्याचा संभव. त्यावरही औषध आहे. परंतु एका रात्रींत पुष्कळ पक्षी मेले, तुरे काळेनिळे पडले, डोकीं सुजलीं, पायांवर रक्ताचे डाग उमटले, तर मेलेला पक्षी आपण चिरूं नये, विकूं नये, नाल्यांत टाकूं नये. शेडमध्यें कोणास येऊं देऊं नये आणि त्याच दिवशीं पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावें. २००९ च्या प्राण्यांतील सांसर्गिक रोगांविषयींच्या कायद्यानें असें कळविणें मालकावर बंधनकारकच आहे. कळविल्यास सारा कळप जाईल ह्या भीतीनें कित्येकजण चार दिवस पुड्या बदलीत बसतात. सरकारी भरपाई मिळते ती रोगनियंत्रणाकरितां मारलेल्या पक्ष्यांची व नष्ट केलेल्या अंड्यांची आणि खाद्याची. त्या चार दिवसांत जे पक्षी आपोआप मेले, त्यांची मिळत नाहीं.