आईची वही

घाटकोपरला डोंगराच्या उतारावर दाट वस्ती आहे. गावाकडची पुष्कळ माणसे तिथे राहतात. अशाच एका घरात १५ वर्षांचा मुलगा आहे, असे समजा.

मुलगा हुशार होता. पण तो गप्प राहू लागला. अंघोळ करीना. शाळेत जाईना. रात्री भिंतीकडे बघून पुटपुटे. एके दिवशी म्हणाला, "आई, पलीकडचे लोक मला शिव्या देतात. तुला ऐकू येत न्हाई?" पलीकडच्या खोलीला तर कुलूप होते.

मामा म्हणाला, "आक्का, बाहेरचं लागलंय. गावाला नेऊन भगताला दाखवू."

आई म्हणाली, "आधी डाक्तर."

ती त्याला लोकलने शीवला घेऊन गेली. तिथे महापालिकेचे टिळक रुग्णालय आहे. केसपेपर काढला. मनाच्या आजारांच्या विभागात नंबर लावला.

आईला वाटले, रक्त तपासून आजाराचे नाव सांगतील. पण डॉक्टरीणबाई विचारतच बसल्या. आधी मुलाशी एकट्याशी बोलल्या. मग आईला म्हणाल्या, "हे कधीपासून?"

आईला तारखा आठवेनात. सण आठवले. "गणपतीत पोरांसंगं नाचला की! दिवाळीत घराबाहेर पडला न्हाई. संक्रांतीपासनं झोप गेली. शिमग्यापासनं आवाज."

"हेच मला हवं होतं," बाई म्हणाल्या. "गांजा, दारू?"

"न्हाई बाई. आमचं पोर तसलं न्हाई."

बाईंना शंका होती ती स्किझोफ्रेनियाची. मराठीत त्याला छिन्नमनस्कता म्हणतात. जगात सुमारे ३०० माणसांत एकाला हा आजार असतो. तो बहुधा विशीच्या आसपास सुरू होतो. १३ वर्षांच्या आत फारच क्वचित. म्हणून लहान पोर खेळताना एकटेच बोलले तर घाबरू नये.

रक्तात हा आजार दिसत नाही. तरी रक्त तपासतात. का? दुसरे काही नाही ना, हे बघायला. मेंदूला सूज, फिट, गांजा, यांनीही भास होतात. फार उदास झालेल्या किंवा जबर भीती बसलेल्या पोरालाही होतात. वरून सारखेच दिसते. उपाय मात्र वेगवेगळे.

शिवाय काळ बघावा लागतो. डॉक्टरांच्या एका नियमात एक महिना, दुसऱ्यात सहा महिने. पण तोवर घरी बसू नये. उशीर झाला की आजार मुरतो.

बाई म्हणाल्या, "आज नाव देत नाही. नाव चिकटलं की पुसत नाही. गोळी मात्र सुरू करू."

"नाव न्हाई, तर गोळी कशाची?" आईने विचारले. प्रश्न बरोबरच होता.

"आवाज कमी व्हायची. आपल्या मनानं बंद करू नका. पंधरा दिवसांनी या."

आई नुकतीच लिहायला शिकली होती. तिने वही केली. 'दोनपर्यंत जागा.' 'आज जेवला.' 'आवाज आले. कमी.'

अंधेरी, बोरिवलीकडच्यांना जुहूचे कूपर रुग्णालय जवळ. मुलुंडकरांना ठाण्याचे मनोरुग्णालय. ते १९०१ सालचे आहे. गावात असाल तर १४४१६ हा सरकारी फोन आहे. २०२२ पासून तो चालू आहे. पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलतात. पोर मरणाची भाषा बोलले तर त्याला एकटे सोडू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पुढच्या खेपेला मामाही आला. बाईंनी वही सगळी वाचली. मामा चुळबुळ करीत होता. शेवटी म्हणाला, "बाई, दोनदा मी त्याला गांजा ओढताना पाहिलं. आक्काला बोललो न्हाई."

बाईंनी ते केसपेपरवर लिहून घेतले. आई मामाकडे बघतच राहिली.