श्वेतपेशी आपला आकार कसा राखतात?

स्वयंपाकघरातील दोन साध्या गोष्टी आपण प्रथम ध्यानात घेऊ. वाटीभर पाण्यात रात्री मनुका भिजत घातल्या, तर सकाळी त्या टपोऱ्या झालेल्या दिसतात. उलट, कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले, की त्यांना पाणी सुटते व फोडी आक्रसतात. दोन्ही ठिकाणी कारण एकच. पातळ पापुद्र्याच्या दोहो बाजूंस विरघळलेल्या द्रव्यांचे प्रमाण विषम असले, म्हणजे जिकडे ती द्रव्ये अधिक, तिकडे पाणी ओढले जाते. या क्रियेस शास्त्रात परासरण म्हणतात.

हाच नियम आपल्या रक्तातील पेशींनाही लागू आहे. तांबडी पेशी शुद्ध पाण्यात टाकली, तर ती फुगत जाऊन अखेर फुटते. म्हणूनच रुग्णाच्या शिरेत नुसते पाणी कधीही सोडीत नाहीत, शेकडा ०.९ मीठ असलेले पाणी देतात, ते यासाठीच.

आता शरीराचे रोगांपासून रक्षण करणाऱ्या श्वेतपेशींकडे वळू. त्यांपैकी लिंफोसाइट नावाची पेशी इतकी लहान असते, की तिचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी भरतो. ही पेशी एके ठिकाणी बसून राहत नाही. रक्तातून, लसिकाग्रंथींतून, सुजलेल्या अवयवांतून तिचा संचार चालू असतो. वाटेत भोवतालचा द्रव पातळ झाला, तर पाणी आत शिरून ती फुगू लागते. मनुकेला फुगण्यावाचून गत्यंतर नसते. परंतु जिवंत लिंफोसाइटची गोष्ट वेगळी आहे. प्रयोगशाळेत तिला पातळ केलेल्या द्रवात ठेवले, तर ती प्रथम झपाट्याने फुगते आणि नंतर काही मिनिटांतच हळूहळू जवळजवळ पूर्वीच्या आकारास येते. बाहेरचा द्रव तर तसाच पातळ असतो. मग हे घडते कसे?

पेशीचे आवरण स्निग्ध द्रव्याचे असते. विद्युद्भार असलेले कण, म्हणजे आयन, त्यातून सहजी पार होत नाहीत. त्यांच्यासाठी आवरणात प्रथिनांचे सूक्ष्म मार्ग असतात. ठराविक आयनांनाच वाट द्यावी आणि ठराविक प्रसंगीच उघडावे, असा त्यांचा स्वभाव आहे. आवरणातील दुसरे एक प्रथिन पंपासारखे अहोरात्र काम करून सोडियम बाहेर टाकते व पोटॅशियम आत घेते. त्यामुळे पेशीच्या आत पोटॅशियमचे प्रमाण बाहेरच्यापेक्षा सुमारे तीसपट असते. हा साठाच संकटसमयी उपयोगी पडतो.

पेशी फुगली, की क्लोराइडचे मार्ग उघडतात व ऋणभारित क्लोराइड बाहेर पडू लागते. त्यामुळे आवरणाच्या आतबाहेरच्या विद्युद्दाबात फरक पडतो. हा फरक जाणून पोटॅशियमचे मार्ग उघडतात आणि धनभारित पोटॅशियमही बाहेर जाते. आतील क्षार कमी झाले, म्हणजे परासरणाच्या त्याच नियमाने पाणी त्यांच्या मागोमाग निघून जाते. पेशी पाण्याला ढकलून बाहेर काढीत नाही. ती आपल्याजवळचे क्षार सोडते, आणि पाणी आपोआप जाते. ज्या नियमाने संकट आणले, त्याच नियमाने ते निवारले जाते, हे विशेष होय.

ही माहिती एका दिवसात मिळालेली नाही. एर्विन नेहर व बेर्ट साकमान या जर्मन शास्त्रज्ञांनी १९७६ साली अतिसूक्ष्म काचनळीने एकेका मार्गातून वाहणारी वीज मोजून दाखविली. त्याबद्दल १९९१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. याच पद्धतीने १९८४ साली टी जातीच्या लिंफोसाइटमध्ये पोटॅशियमचे मार्ग आढळले. पुढे १९८८ साली मायकेल कॅहॅलन व रिचर्ड लुईस यांनी पेशी फुगल्यावर उघडणाऱ्या क्लोराइडच्या मार्गाचे वर्णन केले. परंतु हा मार्ग कोणत्या प्रथिनाचा बनला आहे, हे कळण्यास २०१४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेतील व जर्मनीतील दोन गटांनी स्वतंत्रपणे एकच उत्तर दिले: एलआरआरसी८ए.

हे नाव मात्र नवे नव्हते. २००३ साली जपानी संशोधकांनी एका मुलीची हकीकत प्रसिद्ध केली होती. तिच्या रक्तात बी जातीचे लिंफोसाइट नव्हते. रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडे याच पेशींच्या वंशातून निर्माण होतात. तेव्हा ती मुलगी या मोठ्या संरक्षणास मुकली होती. तिच्यात बिघडलेले जनुक हेच होते. मग पेशीचा आकार सांभाळता न आल्यानेच तिला हा विकार जडला, असे म्हणावे काय? तसे म्हणण्याची घाई शास्त्रज्ञांनी केली नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील अभ्यासात, हा मार्ग निकामी असूनही टी पेशींची वाढ व कार्य व्यवस्थित चाललेले दिसले. म्हणजे या प्रथिनाकडे मार्ग होण्याखेरीज आणखीही कामे असली पाहिजेत. दोन गोष्टी एकत्र आढळल्या, एवढ्यावरून एक दुसरीचे कारण ठरत नाही. हा विवेक विज्ञानाच्या विद्यार्थ्याने जसा बाळगावा, तसाच इतिहासाच्या विद्यार्थ्यानेही बाळगावा, असे आम्हांस वाटते.

सुटीत घरी दोन वाट्या घ्या. एकीत साधे पाणी व दुसरीत मिठाचे दाट पाणी घालून दोन्हींत सारख्याच मनुका टाका आणि सकाळी त्यांची तुलना करा. परासरण डोळ्यांनी दिसेल. आपल्या रक्तातील असंख्य पेशी याच नियमाला तोंड देत आपले काम करीत आहेत, हे त्या वेळी जरूर आठवावे.